सापडलेली वस्तू दाखवायची कुणाला?

२०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. मग २०२५ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाखांना घेतली. दोन्ही वेळा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धुमाकूळ. वाघनखं खरी की नुसती त्या काळातली, यावर सदाशिव पेठ विरुद्ध कोथरूड असा सामना रंगला. ती उसनी देणाऱ्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने स्वतःच म्हटलं होतं की ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर "तू इंग्लंडची झालीस" असा शेरा मिळाला. स्विंडनमध्ये राहून भारताची बाजू घेतली तरी संशय, नाही घेतली तरी संशय. असो.

याच ग्रुपवर पुढे भोरहून एक फोटो आला. आतेभावाच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं, जेसीबीच्या बकेटमधून मातीबरोबर काहीतरी पडलं. मुठीत मावेल एवढी हिरवीगार पडलेली धातूची डबी, एका बाजूने चेपलेली, बिजागरी अर्धी तुटलेली, टोकाला साखळीची दोन कडी लोंबत होती. आत पांढरट काहीतरी घट्ट बसलेलं. पाच मिनिटांत मतं पडली. दारूगोळ्याची डबी, ताईत, गुप्तधनाची खूण. भाचा म्हणाला, जुन्या बाजारात बसणाऱ्या एकाला फोटो पाठवलाय, तो भाव सांगतो. काकांनी सगळ्यांना दम भरला: "कुठे बोलू नका. तलाठ्याला कळलं तर उद्या सातबाऱ्यावर काहीतरी शेरा पडेल."

शेवटी आत्याचा व्हॉइस मेसेज आला. "अरे चुनाळं आहे ते! आत पांढरं दिसतंय तो चुना. माझ्या आजेसासूबाईंच्या पानाच्या तबकात अस्संच होतं. आणि ते चिंचेने घासू नका हं, बिजागरी हातात येईल."

माझ्या दृष्टीने हा प्रसंग तलवारीपेक्षा मोठा आहे. वस्तू ओळखणारं माणूस घरातच होतं. नोंदवणारं मात्र भोरमध्ये कुणी नव्हतं, निदान माझ्या भावाला माहीत असलेलं तरी नव्हतं.

इथे स्विंडनला रविवारी सकाळी मी मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जाते. हा छंद ऐकून पुण्यातल्या मैत्रिणी हसतात, आणि हसण्यासारखाच तो आहे: थंडीत, चिखलात, कानाला हेडफोन लावून तासन्‌तास चालायचं आणि बियरच्या कॅनचे तुकडे गोळा करायचे. पण कधीतरी सूर वेगळा लागतो. एकदा अशीच एक हिरवी गोल वस्तू निघाली, लिंबापेक्षा जरा मोठी. खालच्या अर्ध्या भागावर सूर्यकिरणांसारखी नक्षी, मध्ये एक लांब चीर, वर अडकवायला कान. मी हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. सोबतचे गोरे आजोबा बोलायच्या आतच मी ओळखलं होतं, कारण पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा पाहिलेल्या माणसाला हे काय सांगावं लागतं! फक्त इथे अशी घंटा बैलाऐवजी घोड्याच्या साजावर असायची. चिरेच्या दोन बाजूंना आर आणि डब्ल्यू ही अक्षरं होती. ती जवळच्याच ऑल्डबर्न गावच्या रॉबर्ट वेल्स या अठराव्या शतकातल्या ओतकाराची.

ही घंटा कायद्याने खजिना नाही, तरीही मी ती सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अधिकाऱ्याला दाखवली. बाईंनी आधी विचारलं ते कुठे सापडली. नकाशावरची जागा, किती खोल, शेजारी आणखी काही होतं का. मग व्यास मोजला, वजन केलं, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले. धुतली नाही याबद्दल शाबासकी मिळाली. हिरवा थर खरवडला की अक्षरंही जातात. मग वस्तू परत माझ्या हातात. पैसे नाहीत, दमदाटी नाही, चौकशीचा ससेमिरा नाही. १९९७ पासून चाललेल्या या नोंदणीच्या योजनेत आज १५ लाखांहून जास्त वस्तूंची नोंद आहे, आणि त्यातल्या बहुतेक अशाच किरकोळ आहेत: बकलं, बटणं, शिशाची वजनं. रोमन रस्ते कुठून जात होते, बाजार कुठे भरत होता, हे अभ्यासक त्या किरकोळीवरून काढतात.

खरा खजिना सापडला तर मात्र तो १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा चौकशीच्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवावा लागतो. म्युझियमने घेतला तर बाजारभावाने पैसे मिळतात आणि ते सहसा शोधणारा आणि जमीनमालक निम्मे-निम्मे वाटून घेतात. २००९ मध्ये स्टॅफर्डशरला सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन सोन्याची किंमत अशीच ३२ लाख पौंडांच्या वर ठरली होती.

आता "बघा, तिकडे कसं सगळं शिस्तीत" हा सूर मला काढायचा नाही. तो काढणारे अनिवासी काका मला स्वतःलाच सोसत नाहीत. हेरफर्डशरमध्ये २०१५ ला दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. त्यांनी तो दडवला आणि दलालांना विकला. सुमारे ३०० नाण्यांपैकी हाती आली अवघी ३१. त्यातल्या काहींवर इंग्लंडमधल्या दोन जुन्या राज्यांचे राजे, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा, शेजारी शेजारी बसलेले आहेत, म्हणजे दोघांची युती होती याचा पुरावाच. बाकीची नाणी काय सांगणार होती, ते गेलं. चोर २०१९ मध्ये तुरुंगात गेले, पण बहुतेक नाणी काही परत आली नाहीत. त्याआधी २०१० मध्ये एक देखणं रोमन शिरस्त्राण सापडलं. ते सोन्या-चांदीचं नव्हतं आणि एकटंच होतं, म्हणून कायद्याच्या व्याख्येत बसेना. ते लिलावात २० लाख पौंडांच्या वर गेलं. ती फट बुजवायला २०२३ साल उजाडलं. रात्री चोरून शेतं खणणारे इथेही आहेत.

त्यामुळे राजगडावर, सिंहगडावर हौशी लोकांना मशीन घेऊन जाऊ द्यावं, असं कुणी म्हटलं तर माझा ठाम विरोध राहील. मार्च २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरच्या चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखाली लोक बॅटऱ्या, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन रात्री शेतं उकरत होते. इथे शेत शतकानुशतकं नांगरलेलं असतं, वरच्या वीतभर मातीतल्या वस्तू आधीच जागेवरून हललेल्या असतात. गडावरच्या मातीचे थर अजून जागेवर आहेत. तिथे एक खड्डा मारला की ते कायमचे गेले.

मग भोरच्या शेतकऱ्याने काय करायचं? कायदा आहे, १८७८ चा. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. नाही कळवलं तर वर्षभरापर्यंत कैद. हा भाग सगळ्यांना ऐकून माहीत असतो. दुसरा भाग कुणी सांगत नाही. धनावर कुणाचा हक्क शाबीत झाला नाही आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचं आणि एक चतुर्थांश मालकाचं. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश द्यायचा. मूळ किंमत धातूची, इतिहासाची नव्हे, हे त्याचं मोठं वैगुण्य. तरी काकांना वाटतो तेवढा हा कायदा दुष्ट नाही. दुष्ट आहे ती धास्ती. डिसेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये मुघल काळातली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी जप्त केली. चिखलीत बांधकामासाठी खोदताना ती सापडली होती आणि गुपचूप घरी गेली होती. घबराट कळते मला. रोजंदारीवरच्या माणसाने जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन "साहेब, सोनं सापडलं" म्हणायचं, हे पुण्यात कोण करेल?

जागेची नोंद नसली की किती अडतं याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. १९७४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना चार ब्राँझ शिल्पं मिळाली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. सगळी मिळून ६० किलोंच्या वर. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं, तरी ही शिल्पं उत्तर हडप्पाकालीनच का, यावर वाद राहिलाच, कारण ती कुठल्या थरातून आली हे पाहायला जाणतं कुणी तिथे उभं नव्हतं.

मला म्हणूनच तलवारीपेक्षा एक टेबल हवं आहे. भोर, जुन्नर, पुरंदर अशा तालुक्याच्या गावी, महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. टेबलामागे डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी, वजनकाटा, पट्टी, फोन आणि एक वही. वस्तू कुणी काढून घेणार नाही, सातबाऱ्याला हात लागणार नाही, हे पाटीवर मोठ्या अक्षरात. चुनाळ्याचीही नोंद, फुटक्या शिवराईचीही. कुणी जागा खोटी सांगेल, सांगू दे. इथेही सांगतात, आणि मुरलेला अधिकारी मातीच्या रंगावरून पकडतो.

ओळखायला माणसं मिळतील. तांबट आळीतले जुने कारागीर ठोक्यावरून भांडं कुठल्या पद्धतीचं ते सांगतील. केळकर संग्रहालयात अडकित्त्यांपासून कुलपांपर्यंत संदर्भाला हव्या तेवढ्या वस्तू आहेत. आमच्या आत्यासारख्या बायका तर गावोगाव आहेत. मात्र त्यांना मानधन द्यावं लागेल, आणि तेही वेळेवर. वर्षभर थकवून मग दिवाळीला शाल-श्रीफळ, हे आत्या खपवून घेणार नाही.