उरलेला डेटा

माझ्या आईने आयुष्यात शिळी पोळी टाकलेली नाही. तिचा कुस्करा होतो, भाताचा फोडणीचा भात होतो. अशा बाईला, तिच्या फोनमधला उरलेला डेटा रोज रात्री बाराला बाद होतो, हे मी सांगायला नको होतं.

"म्हणजे टाकून देतात?"

"अगं, संपतो तो. उद्या नवा दीड जीबी."

"पण पैसे आपण मोजलेत ना?"

आता हिला काय सांगणार? दर आणि मुदत बहुतांशी कंपन्यांनी ठरवावी, स्वतः लक्ष ठेवावं, हे ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, धोरण. आईला ते पटेना. लक्ष ठेवून उतू गेलेलं दूध तिने पुष्कळ पाहिलंय.

तेव्हापासून ती रात्री साडेअकराला ओटा पुसून डेटा संपवायला बसते. आधी कीर्तन, मग उकडीचे मोदक. चाळीस वर्षं मोदक करणारी बाई व्हिडिओतल्या मुलीला "पारी जाड झाली गं" म्हणून सुनावते. निम्मा डेटा वापरला की मेसेज, नव्वद टक्क्यांना पुन्हा मेसेज, हा नियम ग्राहकाने जपून वापरावं म्हणून आहे. आईला त्याने हुरूप येतो. "नव्वद झाले. एवढा घास राहिला."

याच घरात २००७ च्या सुमारास महिन्याला एक जीबी मिळायचं, वर गेलं की एमबीगणिक पैसे. रात्री दोन ते सकाळी आठ मात्र फुकट. बाबा गजर लावून उठायचे, डाउनलोड सुरू करून झोपायचे. शेजारच्या काकू सकाळी हळूच विचारायच्या, "रात्री दिवा दिसला. बरं नाही का कुणाला?"

माझ्या पुण्याच्या घरी 'अमर्याद' इंटरनेट आहे. अमर्यादच्या डोक्यावर एक बारीक तारा आहे, मर्यादा त्या ताऱ्याखाली राहते. ती ओलांडली की वेग पडतो. किती पडावा याला तळ हवा, म्हणून ट्रायने २०१६ मध्ये सांगितलं, ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. आषाढीला आईने विठोबाचा चार एमबीचा फोटो पाठवला, तेव्हा मी नेमका त्या तळाला होतो. आधी मुकुट आला, मग टिळा, मग कमरेवरचे हात. विटेपर्यंत पोचायला मिनिट लागलं. इतकं सावकाश दर्शन पंढरपुरातही कुणी घेऊ देत नाही.

खरा घोळ बाबांचा झाला. त्यांचा फोन बटणांचा, पण तेव्हा रिचार्जमध्ये डेटा सक्तीचा. रोज अख्खा दीड जीबी वाया! आईला कळल्यावर ती रात्री बांगडीतली सेफ्टी पिन काढून आपल्या फोनचा कप्पा उघडायची आणि बाबांचं सिम त्यात सरकवायची. बारा वाजेपर्यंत बाबा संपर्कक्षेत्राबाहेर.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना बजावलं, नेट नको असणाऱ्यांसाठी नुसत्या कॉल-एसएमएसचाही रिचार्ज ठेवा. मी उत्साहाने बाबांना तो मारून दिला.

त्या रात्री पावणेबाराला आईचा फोन. "सगळं बघून झालं. यांचं सिम घातलं, तर काहीच लागत नाही रे. माझाही संपलाय. आता मी झोपेपर्यंत करू काय?"