‘विशीत हार्टचं टेन्शन कशाला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो. मथितार्थ असा: हार्टचे आजार पन्नाशीनंतरचे, बारीक मुलांना तर धोकाच नाही, परीक्षेचा ताण निकालाबरोबर जातो, जागरण रविवारी झोपून भरून निघतं आणि डिग्री हातात आल्यावर नीट वागलं की शरीर सगळं सावरून घेतं. धीर द्यायलाच लिहिलंय, आणि त्यातलं थोडं खरंही आहे. म्हणूनच ते खपतं.

‘पन्नाशीनंतरचा आजार.’ झटका बहुतेकांना उशिरा येतो, हे मान्य. धमन्या मात्र खूप आधीपासून खराब व्हायला लागतात. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनांचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२. सुमारे ७७ टक्के जणांच्या कोरोनरी म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा बिघाड होता. कुणाची धमनी आतून किंचित जाडसर झालेली, तर काहींची पार बुजत आलेली. ही सगळी धडधाकट, लढायला पाठवलेली पोरं होती.

ते सैनिक होते, विद्यार्थ्यांचं काय? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९४०च्या दशकापासून आपल्याच वैद्यकीय विद्यार्थ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशकं त्यांचा माग काढला. १,०१७ तरुणांवरचा त्यांचा निष्कर्ष १९९३ साली छापून आला: बाविशीच्या आसपास ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं, त्यांना मध्यम वयात हृदयविकारही जास्त झाला. हे सगळे पुरुष होते, त्यामुळे मुलींना ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ‘विशीतल्या रिपोर्टला काही अर्थ नसतो’ हे म्हणणं इथे टिकत नाही.

‘बारीक आहेस ना, मग झालं.’ नाही झालं. बीपी आणि कोलेस्टेरॉल कमरेच्या मापावरून कळत नाहीत. साधारण अडीचशे-तीनशे लोकांमागे एकाला जन्मतःच जास्त कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक दोष असतो, आणि तो शिडशिडीत मुलातही असतो.

‘ताण काय, निकालाबरोबर संपतो.’ या मुद्द्यावर मेसेज लिहिणाऱ्याला अर्धे मार्क द्यायला हरकत नाही. १९५८ सालचा हिशेबनिसांवरचा एक अभ्यास आहे. कर भरण्याची मुदत जवळ आली तसं त्यांचं कोलेस्टेरॉल चढलं, रक्त लवकर गोठू लागलं आणि मुदत सरल्यावर दोन्ही पुन्हा खाली आलं. म्हणजे ताण उतरतो, पण तो ‘नुसता मनाचा’ नव्हता, रक्तात मोजता आला. शिवाय विद्यार्थ्याचा ताण उतरायला सवड कुठे मिळते? सबमिशन संपतं तोवर व्हायवा, मग पुढचं सेमिस्टर, मग प्लेसमेंट. त्यात ताणासोबत काय काय येतं तेही बघा: जेवण टळतं, खेळणं बंद होतं, एखादी सिगारेट सुरू होते. मला तर ताणापेक्षा या सोबत्यांची जास्त धास्ती वाटते.

जॉन्स हॉपकिन्सच्याच विद्यार्थ्यांबद्दल २००२ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ताण आला की ज्यांचा राग सर्वांत जास्त उसळायचा, त्यांच्यात पंचावन्नच्या आत हृदयविकार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. रागामुळेच झाला असं यातून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगंही हे नाही.

‘रविवारी झोप भरून काढा.’ थकवा थोडा कमी होईल, एवढंच. शांत झोपेत बीपी दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतं. जागून काढलेल्या रात्री ही उसंत मिळत नाही. त्यात कॅफिन. ते निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे रात्री अकराला रिचवलेल्या एनर्जी ड्रिंकमधलं निम्मं कॅफिन पहाटे चारलाही अंगात असतं. पुस्तक मिटून आडवं झाल्यावर उशीवर स्वतःचे ठोके ऐकू येतात, ते बरेचदा यामुळेच.

‘दिवसाला एकच तर ओढतो.’ हे मेसेजमध्ये नाही, पण त्याखाली कुणीतरी लिहितंच. २०१८ सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार, दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा जादा धोका येतो, त्यातला जवळपास निम्मा एकीनेच येतो.

‘शरीर सावरून घेतं.’ घेतं, आणि सोडणाऱ्यांसाठी ही खरोखर चांगली बातमी आहे. ब्रिटिश डॉक्टरांवरच केलेल्या पन्नास वर्षांच्या पाहणीत तिशीच्या सुमारास सिगारेट सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळा जादा धोका टाळला. मात्र त्यांनी सिगारेट सोडली होती. डिग्रीबरोबर सवय आपोआप सुटते, असं त्या पाहणीत कुठेही नाही.

एक गोष्ट उलट बाजूने घाबरवणाऱ्यांसाठी. तरुण खेळाडू मैदानात कोसळला की ‘बघा, ताणाचे बळी’ असे मेसेज सुटतात. पस्तिशीच्या आतल्या अशा मृत्यूंमागे बरेचदा जन्मजात किंवा आनुवंशिक दोष असतो. त्यातला एक, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, साधारण पाचशेंत एकाला असतो. परीक्षेआधीची धडधड बहुतेकदा निरुपद्रवी असते. पण धावताना, जिना चढताना चक्कर येऊन पडायला झालं, श्रमाने छातीत दुखलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवून ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.