लाल अक्षराने कुणाला सुधारलं?

माझ्या मावसबहिणीचा घटस्फोटाचा दावा कोर्टात चालू आहे. तिला आमच्या घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली लिहिलं, ‘शांतपणे वाच आणि विचार कर.’ संदेशाचं नाव ‘पाप, लाज आणि समाज’. नथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीतून काय शिकावं, हे त्यात सांगितलंय. हा मजकूर बरेच दिवस फिरतोय आणि चांगली शिकली सवरलेली माणसं हात जोडल्याच्या चिन्हासकट तो पुढे ढकलताहेत. ज्याने तो लिहिला त्याने कादंबरी उघडलेली नाही, हे दुसऱ्याच ओळीत कळतं. पण माझी बहीण तो वाचून रात्रभर जागी राहिली, म्हणून उत्तर द्यायला बसलोय.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. ही अमेरिकेत घडलेली सत्यकथा असून ती एका धर्मनिष्ठ प्युरिटन लेखकाने लिहिली (प्युरिटन म्हणजे इंग्लंडहून अमेरिकेत येऊन वसलेला, कडक शिस्तीचा ख्रिस्ती पंथ). प्युरिटन लोकांत घटस्फोट नव्हता, म्हणून त्यांची घरं टिकली. हेस्टर नावाच्या बाईने व्यभिचार केला तेव्हा गावाने तिच्या छातीवर लाल ‘ए’, म्हणजे ‘अडल्टरी’ (व्यभिचार) या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर, लावला, चारचौघांत तिची लाज काढली आणि त्या लाजेनेच ती सुधारली. म्हातारपणीसुद्धा तिने ते अक्षर उतरवलं नाही. शेवटी, आपल्याकडेही पूर्वी अशांना वाळीत टाकत, ते थांबलं आणि घरं मोडायला लागली.

पहिला मुद्दा पटकन संपवतो. हॉथॉर्न प्युरिटन नव्हता. त्याचा जन्म 1804 चा, अमेरिकेतल्या सेलममधला. कादंबरी 1850 मध्ये बॉस्टनला प्रसिद्ध झाली आणि कथानक घडतं त्याच्या दोनशे वर्षं आधी, 1640 च्या दशकात. हेस्टर प्रिन हे पात्र आहे. प्रस्तावनेत लेखक म्हणतो की सेलमच्या कस्टम हाउसमध्ये त्याला जुने कागद आणि कापडाचं झिजलेलं अक्षर सापडलं. हे कथा सांगण्याचं तंत्र आहे. संदेशवाल्याने त्यालाच पुरावा मानलेलं दिसतं. गव्हर्नर बेलिंगहॅमसारखी काही माणसं मात्र इतिहासातली आहेत आणि अशी अक्षरं शिवायला लावणारे कायदेही खरोखर होते. प्लिमथ वसाहतीत 1658 मध्ये तसा कायदा झाला, मॅसॅच्युसेट्समध्ये 1694 मध्ये. तेवढं अर्धसत्य त्यांच्या पदरात टाकतो.

पण प्युरिटनांच्या लाजेची तरफदारी करायला हॉथॉर्नला साक्षीला बोलावणं, हे मला सहन होत नाही. त्याचा पणजोबाचा बाप जॉन हॅथॉर्न हा 1692 च्या सेलमच्या चेटकीण खटल्यांत आरोपींची चौकशी करणारा दंडाधिकारी होता. त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली आणि जाईल्स कोरी या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. त्याच्याही आधीचा पूर्वज विल्यम, क्वेकर पंथाच्या लोकांचा छळ करणारा. याच कादंबरीच्या प्रस्तावनेत हॉथॉर्न या दोघांबद्दल लिहितो आणि म्हणतो की त्यांचा प्रतिनिधी म्हणून त्यांच्या कृत्यांची लाज मी माझ्यावर घेतो आणि त्यांच्यामुळे काही शाप लागला असेल तर तो दूर होवो अशी प्रार्थना करतो. म्हणजे पुस्तकात लेखक स्वतःच्या तोंडाने लाज पत्करतो ती लोकांना छळणाऱ्या पूर्वजांपायी. कथा सुरू होण्यापूर्वी वाचकाच्या हातात त्याने हे दिलंय.

घटस्फोटाचं तर धडधडीत खोटं आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट चर्चच्या न्यायालयात मिळत नसे. प्युरिटनांनी मात्र लग्न हा धार्मिक संस्कार न मानता दिवाणी करार मानला, आणि त्यामुळेच मॅसॅच्युसेट्समध्ये न्यायाधीश लग्न मोडू शकत होते. 1639 मध्ये जेम्स लक्सफर्ड नावाच्या माणसाला आधीची बायको असल्याचं निघालं, तेव्हा त्याचं दुसरं लग्न तिथल्या न्यायालयाने रद्द केलं आणि वर त्याला दंड केला. नवऱ्याने टाकून देणं, व्यभिचार अशा कारणांवरून पुढेही लग्नं मोडली गेली. जे प्युरिटन माझ्या बहिणीला आदर्श म्हणून दाखवले, ते तिचा दावा निदान ऐकायला तरी बसले असते.

आणखी एक गोष्ट मला फार झोंबली. घटस्फोट मागणाऱ्या बाईला ‘व्यभिचारिणीची गोष्ट वाच’ म्हणून सांगायचं? कुणी काय केलंय याची चौकशी नाही, दाव्यात काय लिहिलंय ते माहीत नाही. बाई नवऱ्याचं घर सोडते एवढ्यावरून तिच्या छातीवर अक्षर शिवून मोकळे.

आता मुख्य गोष्ट. लाजेने हेस्टर सुधारली, हे वाक्य.

कादंबरीचं तेरावं प्रकरण काढा. तोवर सात वर्षं उलटली आहेत. हेस्टर गरिबांना जेवण देते, साथीच्या रोगात आजाऱ्यांच्या उशाशी बसते, कुणाशी वाद घालत नाही. गावातले काही लोक म्हणायला लागलेत की त्या ‘ए’चा अर्थ ‘एबल’, म्हणजे ‘समर्थ’, असा घ्यावा. संदेश लिहिणाऱ्याने बहुतेक कुठल्या तरी सारांशात एवढंच वाचलं आणि तिथेच थांबला. लेखक त्याच प्रकरणात पुढे तिच्या मनात शिरतो. हेस्टर एकटी बसून जगाच्या सगळ्या रूढींवर विचार करते. तिचे ते विचार बाहेर कळले असते तर गावाने त्यांना अक्षरापेक्षाही मोठा गुन्हा मानलं असतं. बाईच्या जातीला जगण्यात काही अर्थ आहे का, असं ती स्वतःला विचारते. आणि मग लेखक लिहितो की कधीकधी तिच्या मनात येई, पोरीला आत्ताच स्वर्गात पाठवून द्यावं आणि आपणही देवाच्या न्यायासमोर जावं. पोटच्या मुलीला मारून जीव द्यायचा विचार! त्यानंतर लगेच एका ओळीचा परिच्छेद येतो: ‘लाल अक्षराने आपलं काम केलं नव्हतं.’

हे मी ताणून काढलेलं नाही. लेखकाने ते स्वतंत्र ओळीत, सरळ सांगितलंय. तेवढ्यावर समाधान नसेल तर अठरावं प्रकरण आहे. तिथे तो म्हणतो, लाज, निराशा आणि एकटेपण हे तिचे गुरू झाले, कठोर आणि रानटी गुरू. त्यांनी तिला बळ दिलं, पण बरंच काही चुकीचंही शिकवलं. ‘लाजेने सुधारली’ याला याहून स्पष्ट नकार कसा द्यायचा असतो?

आणि ती लाज देणारे लोक कोण आहेत तेही पाहा. सुरुवातीलाच, हेस्टर आपली तान्ही मुलगी पर्ल कडेवर घेऊन तुरुंगाच्या दारातून बाहेर येण्याआधी, बाजारात जमलेल्या बायका बोलताहेत. एकीला वाटतं कपाळावर तापलेल्या लोखंडाने डाग द्यायला हवा होता. दुसरी म्हणते, हिला मारूनच टाकायला हवं. त्या घोळक्यात मुलाचा हात धरून उभी असलेली एक तरुण बाई तेवढी हळू आवाजात म्हणते की तिने ती खूण हवी तशी झाकली तरी कळ तिच्या काळजात राहणारच. हॉथॉर्नला कोणाबद्दल आपुलकी आहे हे कळायला समीक्षक लागत नाही. पुढे हेस्टर शिवणकामावर पोट भरते. गव्हर्नरच्या गळपट्ट्यावर तिची कशिदाकारी चालते, धर्मगुरूंच्या पट्टीवर चालते, मेलेल्यांच्या कपड्यांवर चालते. नवरीच्या पांढऱ्या ओढणीला मात्र तिचा हात लागलेला चालत नाही. चर्चमध्ये गेली तर प्रवचनाचा विषय तीच. जिच्या घरी काम करायला जाते ती बाई टोमणा मारते आणि जिला भाकरी देते तीही शिवी देते. रस्त्यातली पोरं ‘चला, यांच्यावर चिखल फेकू’ म्हणतात, आणि तो चिखल फक्त हेस्टरसाठी नसतो, लहानग्या पर्लसाठीही असतो. लाज कधी एकटीला दिली जात नाही. माझ्या बहिणीलाही सहावीतली मुलगी आहे आणि आईचा फोन ती हाताळते.

संदेशात एका माणसाचा उल्लेखच नाही, आणि हे मला सर्वांत संतापजनक वाटतं. अडीचशे पानांच्या पुस्तकावर पाच परिच्छेद लिहिले आणि पुरुष कुठेच नाही! तो पुरुष म्हणजे पर्लचा बाप, गावाचा लाडका तरुण धर्मगुरू आर्थर डिम्सडेल. हेस्टर तीन तास शिक्षेच्या चौथऱ्यावर उभी असते, तेव्हा वरच्या सज्ज्यातून तिला ‘तुझ्या साथीदाराचं नाव सांग’ असं सर्वांदेखत विचारणारा तोच. ती सांगत नाही. पुढची सात वर्षं तो बंद खोलीत स्वतःला चाबकाने फोडतो, उपास करतो, आणि व्यासपीठावरून मी महापापी आहे असं इतक्या मोघम शब्दांत म्हणतो की लोक त्याला आणखीच संत मानतात. शेवटी त्याच चौथऱ्यावर कबुली देऊन तो मरतो. जिची लाज चारचौघांत काढली ती जगली. ज्याची अब्रू शाबूत राहिली तो आतून सडून गेला. यातून ‘लाज द्या’ असा धडा कुणी काढावा?

तिसरा आहे हेस्टरचा नवरा, रॉजर चिलिंगवर्थ, हे नाव घेऊन राहणारा वैद्य. सुरुवातीला तुरुंगात तो स्वतः कबूल करतो की तुझ्या कोवळ्या वयाला माझ्या म्हातारपणाशी जखडलं, पहिला अपराध माझा. आणि नंतर वैद्य म्हणून डिम्सडेलच्या घरात राहून वर्षानुवर्षं त्याच्या मनाची जखम कोरत बसतो. सतराव्या प्रकरणात डिम्सडेल हेस्टरला म्हणतो की त्या म्हाताऱ्याचा सूड माझ्या पापापेक्षा काळा आहे, त्याने माणसाच्या हृदयाचं पावित्र्य थंड डोक्याने भंग केलं. तू आणि मी, हेस्टर, तसं कधी केलं नाही. पात्राच्या तोंडचं वाक्य आहे आणि पात्र स्वतः गुंतलेलं आहे, हे मान्य. पण पुस्तकाची सगळी रचना त्या वाक्याच्या बाजूने उभी आहे. दुसऱ्याचं दुखणं शोधून त्यात बोट घालत राहणं, हे या कादंबरीतलं सर्वांत मोठं पाप आहे. ‘शांतपणे वाच’ म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण शांतपणे वाचावं.

आता म्हातारपणी अक्षर न काढल्याबद्दल. हे खरं आहे, निदान अर्धं. पर्लचं सुस्थळी लग्न झाल्याचं सुचवलंय, हेस्टर परदेशात सुखाने राहू शकली असती. तरी ती बॉस्टनच्या त्या झोपडीत परत येते आणि अक्षर पुन्हा लावते. हॉथॉर्न पापाला पाप नाही असंही कुठे म्हणत नाही. हेस्टर शेवटपर्यंत स्वतःला डागाळलेली मानते. आजच्या काही वाचकांना हा शेवट खटकतो आणि मलाही तो पूर्ण पचलेला नाही. पण लेखक तिथे स्पष्ट लिहितो की ते तिने आपल्या इच्छेने लावलं; त्या कठोर काळातल्या कठोरातल्या कठोर अधिकाऱ्यानेही तोवर तिच्यावर ते लादलं नसतं. आणि मग तिच्या दारात कोण येतं? दुखावलेल्या, फसलेल्या, कुणालाच नको झालेल्या बायका. हेस्टर त्यांना नीट राहा, लाज बाळगा असं सांगत नाही. ती सांगते की कधीतरी, जग त्याला तयार झालं की, स्त्री आणि पुरुष यांचं नातं दोघांच्या सुखाच्या पक्क्या पायावर उभं राहील. घर मोडायला निघालेल्या बाईला या पुस्तकातून एखादं पान पाठवायचं होतं तर ते पाठवायचं.

गंमत नव्हे, दुर्दैव असं की हॉथॉर्नच्या काळातले नीतिरक्षक या संदेशवाल्यांपेक्षा बरे वाचक होते. आर्थर क्लीव्हलँड कॉक्स नावाच्या पाद्र्याने 1851 मध्ये या कादंबरीवर कडाडून टीका केली, कारण त्याला ती अनैतिक वाटली. त्याचं मत मला मुळीच मान्य नाही. पण हे पुस्तक आपल्या बाजूचं नाही, एवढं त्याला कळलं होतं.

राहिली वाळीत टाकण्याची ओढ. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा आहे, 2017 पासून लागू आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गावकीने पाणी तोडलं, मयताला खांदा दिला नाही, लग्नाला बोलावलं नाही अशा किती घरांच्या हालांनंतर तो आला, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. जे बंद करायला कायदा करावा लागला ते परत यावं असं म्हणणारा मजकूर आपण सकाळी चहा घेता घेता नातेवाइकांना पाठवतो आहोत.

बहिणीला मी सांगितलंय की उत्तर देऊ नकोस, तुझं लक्ष पुढच्या तारखेवर असू दे. ज्यांनी तो पाठवला त्यांना हे सगळं मी आज पाठवतोय, तेराव्या आणि अठराव्या प्रकरणाच्या पानांच्या फोटोंसकट. तिला पुन्हा काही पाठवायचं असेल तर आधी मला फोन करावा.