शर्यत निर्धास्तपणे कशी पाहावी

घोड्यांची शर्यत पाहण्याची हौस आणि प्राण्यांविषयी थोडीफार दया, या दोन्ही गोष्टी आपल्यापाशी असतील तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. जरा तयारी ठेवली की त्या एकमेकींना मुळीच त्रास देत नाहीत.

सर्वप्रथम ‘घोड्याला धावायला आवडतेच’ हे वाक्य पाठ करावे. पुरावा म्हणून, जॉकी खाली पडल्यावरही इतरांबरोबर धावत राहणारा घोडा दाखवावा. पाठीवर कोणी नसलेला तोच घोडा पुष्कळदा समोरचा अडथळा टाळून बाजूने निघून जातो, याकडे मात्र दुर्लक्ष करावे. आवड एकदा सिद्ध झाली की तिची मर्यादा तपासत बसणे हा निव्वळ खवचटपणा होय.

चाबकाचा विषय निघालाच तर ब्रिटनमधील नियम सांगावेत. तेथे सपाट मैदानावरील शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटके चालतात. याचा अर्थ सहावा फटका हे प्रोत्साहन आणि सातवा हे गैरवर्तन. मात्र वाटेत अडथळे ठेवले की घोड्याची कातडी बरोबर एका फटक्यापुरती अधिक समंजस होते. चाबूक केवळ घोड्याला वळवण्यासाठी व सुरक्षिततेसाठी असतो, असेही ठामपणे म्हणावे, आणि ती सुरक्षितता नेमकी शेवटच्या दोनशे मीटरमध्येच एवढी का आठवते, असे कोणी विचारल्यास दुर्बीण डोळ्यांना लावावी. नॉर्वेने १९८२ साली चाबूक मारण्यावर बंदी घातली आणि तरीही तेथे शर्यती होतात व कोणीतरी पहिला येतोच, हे उदाहरण चारचौघांत न काढलेले बरे.

वयाच्या बाबतीत कागदावर विश्वास ठेवावा. उत्तर गोलार्धातील प्रत्येक थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या) घोड्याचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारीला असतो, त्यामुळे मे महिन्यात जन्मलेले शिंगरू अवघ्या वीस महिन्यांच्या आत दोन वर्षांचे होऊन शर्यतीस पात्र ठरते. त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. पण मणक्यांना जन्मदाखला वाचता येत नाही, त्याला मालक काय करणार? लहान वयातील बेताच्या व्यायामाने हाडे बळकट होतात, असे संशोधन आहे आणि ते खोटे नाही. आपण फक्त ‘बेताच्या’ हा शब्द गाळून ते उद्धृत करावे.

पूर्ण वेगाने धावताना घोड्याच्या फुप्फुसांतील केशवाहिन्या फुटून रक्तस्राव होतो, आणि हे इतके सर्रास घडते की तो कमी करण्यासाठी काही ठिकाणी शर्यतीपूर्वी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध टोचण्याची प्रथा पडली. आवडीचे काम करताना फुप्फुसातून रक्त येत असेल तर कामाचा वेग कमी करावा, असे सामान्य माणसाला वाटते. म्हणूनच सामान्य माणसाला कोणी प्रशिक्षक नेमत नाही.

खरी कसोटी घोडा कोसळतो तेव्हा लागते. २००८ च्या केंटकी डर्बी या अमेरिकेतील प्रसिद्ध शर्यतीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली आणि रेषा ओलांडल्यावर पुढच्या दोन्ही पायांचे घोटे मोडून खाली पडली. तिला मैदानावरच दयामरण द्यावे लागले. अशा वेळी कर्मचारी घोड्याभोवती पडदे धरतात. ते घोड्याच्या प्रतिष्ठेसाठी धरतात असे समजावे, कारण ते आपल्यासाठी धरले आहेत हे कळले तर पडद्याचा उपयोगच उरत नाही. पाय मोडला तर प्लॅस्टर का घालत नाहीत, असे शेजारी बसलेले मूल विचारील. सुमारे पाचशे किलोंचा प्राणी फार काळ आडवा पडून राहू शकत नाही आणि उरलेल्या पायांवर भार पडून त्यांचे खूर आतून सुजून हाडापासून सुटू लागतात, हे खरे उत्तर त्याला सांगू नये. त्यानंतर ते पुढचा प्रश्न विचारते.

शर्यतीतून निवृत्त होणाऱ्या घोड्यांबद्दल बोलायचे झाल्यास विजेत्यांची नावे घ्यावीत, कारण पैदाशीसाठी ठेवलेल्या विजेत्यांचा पत्ता सर्वांना ठाऊक असतो. घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो आणि शर्यतीत मात्र तीन-चार वर्षेच धावतो. मधल्या वीस वर्षांचा चारा कोण घालतो, हा प्रश्न पैज लावण्याच्या खिडकीपाशी उभे राहून विचारू नये. मागे रांग असते आणि पुढची शर्यत सुटायच्या बेतात असते.