हंसाबाईंची 'शोकांतिका' पुरे झाली, जरा कामाबद्दल बोलू

जुन्या मराठी चित्रपटांतल्या नटी हंसा वाडकर यांच्यावरची पोस्ट कशी असते हे आता पाठ झालंय. दारू, घर सोडून जाणं, फसवणूक, एकाकी शेवट. खाली रडक्या इमोजींची रांग आणि 'बिच्चारी!' अख्ख्या पोस्टमध्ये बाईंच्या एका धड भूमिकेचं नाव नसतं. मला याचा मनापासून राग येतो.

1923चा जन्म, मूळ नाव रतन साळगावकर. 1936 साली 'विजयाची लग्ने'मधून पडद्यावर आली तेव्हा वय तेरा. हौस नव्हती, घरात पैसा हवा होता. पाच वर्षांनी हीच मुलगी प्रभात फिल्म कंपनीची 'संत सखू' होते. प्रभातचे संतपट म्हणजे तेव्हाच्या मध्यमवर्गाचं देवघरच, आणि त्या देवघरात ही सासुरवाशीण सखू लोकांनी मनोभावे पाहिली. मग 1947मध्ये 'लोकशाहीर राम जोशी'. राजकमल या चित्रसंस्थेचा चित्रपट, जयराम शिलेदार शाहीर राम जोशींच्या भूमिकेत आणि हंसाबाई तमाशातली बया. डोक्यावरचा पदर सावरणारी सखू आणि फडावर उभी राहून नजरेनं जाब विचारणारी बया, दोन्ही एकाच नटीच्या, मध्ये फक्त सहा वर्षं! मराठीत पुढे तमाशापटांची जी लाट आली ती 'राम जोशी'पासून. त्या लाटेच्या तोंडाशी बाई उभ्या होत्या हे कोणी लिहीत नाही.

हंसाबाईंनी काम केलेला अनंत माने यांचा 1959चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंद थिएटरला 131 आठवडे चालला. आज त्यातलं 'बुगडी माझी सांडली गं' तेवढं लोकांना आठवतं, आणि ते तर जयश्री गडकरांवर चित्रित झालेलं. (तेही अनेकजण हंसाबाईंच्या खात्यावर टाकतात, असो.) जयश्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या, हंसाबाई छत्तीसच्या. छत्तिशीतच पुढच्या पिढीसाठी जागा करून द्यायची, हा नियम फक्त नट्यांना. त्यांच्या वयाचे नायक त्यानंतरही बिनधास्त झाडांभोवती फिरत होतेच की.

'सांगत्ये ऐका' हेच नाव हंसाबाईंनी आपल्या आत्मकथनाला दिलं. शब्दांकन लेखक अरुण साधूंचं, आधी 'माणूस' या नियतकालिकात आलं, 1970 साली पुस्तक झालं, आणि 1971च्या ऑगस्टमध्ये बाई गेल्या. हे पुस्तक आपण 'बोल्ड कबुलीजबाब' म्हणून वाचतो आणि मिटक्या मारतो. मला मात्र ते वाचताना एका कमावत्या बाईचा हिशेब दिसतो. राबलं कोण, पैसे कोणाच्या हातात गेले, काम घ्यायचं की नाही हे कोणी ठरवलं? लहानपणी माहेर तिच्या कमाईवर, लग्नानंतर नवरा तिच्या कमाईवर. तिला घर हवं होतं, मूलबाळ हवं होतं, आणि जो तो तिला पुन्हा स्टुडिओच्या दाराशी नेऊन सोडत होता. त्या सगळ्याला कंटाळून एका माणसाबरोबर गेली, तर मराठवाड्यातल्या त्याच्या वाड्यात कोंडली गेली. आपण मात्र 'पळून गेली' एवढंच लक्षात ठेवलं. बरं, सांगताना त्यांनी स्वतःलाही सोडलेलं नाही. दारू लपवली नाही, पुरुष लपवले नाहीत, आणि दया तर कुठेच मागितली नाही. मग आपण ती न मागता का वाटत सुटतो?

श्याम बेनेगलांचा 'भूमिका' (1977) याच पुस्तकावरून आला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो तिच्या हक्काचाच होता. पण एक गंमत झाली. आज हंसा वाडकर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्मिताचा चेहरा येतो. मूळ बाईचा चेहरा पुसट झाला आणि आयुष्याची गोष्ट तेवढी ठळक राहिली. यात बेनेगलांचा दोष नाही. आपण जुने मराठी चित्रपट बघतच नाही, हा आपला आळस आहे.

आणि दारूचं म्हणाल, तर ग्लासात बुडालेल्या आपल्या नटांना आपण काय म्हणतो? 'कलंदर', 'मनस्वी', 'अवलिया'. त्यांचे किस्से मैफिलीत हसत सांगतो. बाईनं घेतली की लगेच शोकांतिका!

असो. कमेंटमध्ये 'बिच्चारी' लिहिणाऱ्यांना उत्तर देणार नाही. सखू मोठी की बया, यावर मात्र कितीही वेळ भांडायला तयार आहे. मी बयाच्या बाजूनं. या.