छडी गेली म्हणून शिक्षण बिघडले, या दाव्याची तपासणी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की, आणि पुन्हा शिक्षक दिनाच्या सुमारास, व्हॉट्सॲपच्या गटांतून एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच असतो. आमच्या वेळी गुरुजी हातावर छड्या मारत, अंगठे धरून उभे करत, आणि घरी तक्रार केली तर वडील आणखी दोन ठेवून देत. म्हणूनच आम्ही घडलो. भीती असल्याशिवाय अभ्यास होत नाही. छडीने शिस्त लागते, मूल खरे बोलायला शिकते आणि कणखर होते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांच्या हातातली छडी काढून घेतली आणि तेव्हापासून मुलांना धड वाचताही येईनासे झाले. आपली परंपरा छडीचीच आहे, असे सांगून शेवटी मजकूर पुढे पाठवण्याची विनंती असते.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात आपल्या गुरुजींविषयी खरी कृतज्ञता असते आणि तिचा अनादर करण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्या कृतज्ञतेचे श्रेय छडीच्या पदरात टाकले जाते, आणि त्याची किंमत आज दुसरी-तिसरीत बसणाऱ्या मुलांनी मोजावी अशी अपेक्षा केली जाते. म्हणून यातला प्रत्येक दावा वेगळा काढून पाहणे आवश्यक आहे.

पहिला दावा असा की, आम्ही मार खाल्ला आणि आम्ही घडलो. हे सांगणारे कोण आहेत, हे आधी पाहिले पाहिजे. ते शिकले, नोकरीधंद्याला लागले आणि आज हा मजकूर लिहू-वाचू शकतात. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार १९७०-७१ मध्ये पहिली ते पाचवीच्या टप्प्यात शाळा सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण ६७ टक्के होते आणि १९८०-८१ मध्येही ते ५८ टक्क्यांच्या वर होते. म्हणजे ज्या काळाचे गोडवे गायले जातात, त्या काळात पहिलीत आलेल्या दर तीन मुलांपैकी सुमारे दोन मुले पाचवी पुरी करण्याआधीच शाळेबाहेर पडत होती. ती सगळी माराच्या भीतीने गेली असे मी म्हणणार नाही. गरिबी, शेतीतली कामे, मुलींची लवकर होणारी लग्ने, गावातली जातीची उतरंड ही कारणे मोठी होती. मुद्दा इतकाच की, त्या मुलांची साक्ष या मजकुरात कुठेही नाही, आणि जे टिकले त्यांनाच विचारून छडी गुणकारी ठरवणे हा पुरावा होऊ शकत नाही. शिवाय छडी मारणारे तेच गुरुजी कित्येकदा शाळा सुटल्यावर थांबून गणिते करून घेत, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मुले बसवत, एखाद्या हुशार पोराच्या घरी जाऊन त्याचे नाव शाळेतून काढू नका म्हणून बापाची विनवणी करत. विद्यार्थी घडला तो कशामुळे, हे ठरवताना या साऱ्या कष्टांना बाजूला सारून नेमक्या छडीलाच मान द्यावा, हा त्या गुरुजींवरही अन्याय आहे.

दुसरा दावा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच तो पटतो. भीतीने अभ्यास होतो का? काही प्रकारचा होतो. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला. उंदराने दोन पेट्यांतून उजळ पेटी निवडायची, आणि चुकला की त्याला विजेचा धक्का बसायचा. पेट्यांतला फरक ठळक असताना धक्का तीव्र केला तर उंदीर लवकर शिकत. फरक ओळखणे अवघड केले की मात्र तीव्र धक्क्याने त्यांचे शिकणे मंदावे आणि मध्यम धक्काच बरा ठरे. उंदरांवरून मुलांविषयी थेट निष्कर्ष काढणे बरोबर नाही, पण वर्गातला अनुभव याच दिशेने जातो. सातचा पाढा उद्या पाठ करून ये, नाहीतर छडी, असे म्हटल्यावर पाढा पाठ होऊ शकतो. त्याच मुलाला शाब्दिक उदाहरण घातले, तर इथे गुणायचे की भागायचे हे ठरवण्यासाठी लागणारा निवांत विचार तीच भीती करू देत नाही.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. अठ्ठेचाळीस आणि सत्तावीस यांची बेरीज मनात करताना आठ आणि सात पंधरा, पाच लिहायचे, हातचा एक, हे सारे काही क्षण डोक्यात धरून ठेवावे लागते. मानसशास्त्रज्ञ या तात्पुरत्या साठवणीला कार्यस्मृती म्हणतात, आणि तिची जागा फार थोडी असते. गुरुजी कुठे उभे आहेत, त्यांच्या हातात काय आहे, आता आपला नंबर येणार का, या विचारांनी ती जागा भरली की हातचा निसटतो. २००१ साली मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी गणिताची धास्ती घेतलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हेच दाखवले की, धास्ती आणि गणित दोघेही एकाच कार्यस्मृतीवर हक्क सांगतात, आणि विशेषतः हातच्याची गणिते तिथे कोलमडतात. मूल चुकते, म्हणून त्याला मारले जाते; मारले जाते, म्हणून ते पुढच्या वेळी अधिक चुकते; आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते मठ्ठ दिसते.

भावना शिकण्यात किती खोलवर शिरते, हे सियान बेलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासातही दिसले. अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांवरील ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातील मुलींमध्ये वर्षाच्या अखेरीस ‘गणित हे मुलांचे काम’ ही समजूत अधिक आढळली, आणि तशी समजूत झालेल्या मुली गणितात मागे पडल्या होत्या. वर्षाच्या सुरुवातीला असा संबंध दिसला नव्हता. तिथे कोणी कोणावर हात उगारला नव्हता. बाईंच्या मनातली नुसती धास्ती एवढे करू शकत असेल, तर छडीच्या धाकाविषयी आपण अधिक सावध असले पाहिजे.

पश्चिम आफ्रिकेतल्या दोन खासगी शाळांचा अभ्यास या वादात थेट उपयोगी पडतो. एका शाळेत पेन्सिल विसरली तरी छडी बसे. दुसरीत मुलांना समज दिली जाई. व्हिक्टोरिया तलवार, स्टेफनी कार्लसन आणि कांग ली यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात नियम लक्षात ठेवणे, मोह आवरणे, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे अशा क्षमता तपासल्या. बालवर्गात छडीच्या शाळेतली मुले मागे नव्हती. पहिलीत मात्र दुसऱ्या शाळेतली मुले स्पष्टपणे पुढे होती. छडीचा परिणाम लगेच दिसतो आणि नुकसान उशिरा दिसते, म्हणूनच तिच्यावर इतका विश्वास बसतो, असे मला वाटते.

छडीने मूल खरे बोलायला लागते, हा तिसरा दावा तर पुराव्याच्या उलट आहे. याच दोन शाळांमधील तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर तलवार आणि ली यांनी आणखी एक खेळ खेळला. आवाजावरून मागे ठेवलेले खेळणे ओळखायचे, आणि मोठे माणूस खोलीबाहेर गेले तरी मागे वळून पाहायचे नाही. दोन्ही शाळांतील बहुतेक मुलांनी वळून पाहिले. त्या वयात ते स्वाभाविकच आहे. ‘पाहिलेस का?’ असे विचारल्यावर छडीच्या शाळेतील, वळून पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी ‘नाही’ म्हटले, तर दुसऱ्या शाळेत खोटे बोलणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडेच अधिक होते. पुढचे प्रश्न विचारल्यावर आपले खोटे सांभाळून नेण्यातही छडीच्या शाळेतील मुले अधिक तरबेज निघाली. वर्गात याचा अर्थ फार गंभीर आहे. मार खाणारे मूल चूक करणे थांबवत नाही, ती लपवायला शिकते: दुसऱ्याच्या वहीतून गृहपाठ उतरवते, समजले नसले तरी ‘समजले’ म्हणते, हात वर करत नाही. आणि कोणाला काय समजलेले नाही, हे ज्या शिक्षकाला कळत नाही, त्याची शिकवण्याची सगळी वाटच बंद होते.

शिस्त आवश्यक आहे, हे म्हणणे मात्र पूर्णपणे बरोबर आहे. आर्थर पोरोपॅट यांनी २००९ मध्ये स्वभावाचे पाच मुख्य पैलू आणि शैक्षणिक यश यांविषयीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नियमितपणा, चिकाटी आणि जबाबदारीची जाणीव या पैलूचाच यशाशी सर्वांत जवळचा संबंध आढळला. पण हा गुण आतून येतो. छडी समोर असताना दिसणारी शिस्त छडी बाजूला झाली की उरत नाही, हे गुरुजी वर्गाबाहेर गेल्यावर होणारा गोंधळ ऐकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मार खाऊन मूल कणखर होते, या दाव्यात सगळी मुले एकाच स्वभावाची असल्याचे गृहीत धरले आहे. दांडगट मुलाला छडीची सवय होते आणि त्याला तिचे काही वाटेनासे होते. बुजरे मूल शेजारच्याला बसलेल्या छडीनेही आक्रसते. ज्याला वर्ग काबूत ठेवायचा म्हणून मारले, त्याच्यावर उपयोग नाही, आणि ज्याला मारलेच नाही, त्याचे शिकणे थांबले, अशी स्थिती होते. आणखी एक गोष्ट या मजकुरात कधीच येत नाही: छडी सगळ्यांवर सारखी पडत नसे. पाटलाच्या मुलाला आणि गावकुसाबाहेरच्या मुलाला एकाच चुकीसाठी एकच शिक्षा होत होती का, याचे उत्तर दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला कधीच दिलेले आहे.

आता कायद्याचा मुद्दा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. त्यानंतर वाचनाची पातळी घसरली, हे खरे आहे. मुलांच्या वाचन-गणिताची पातळी तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीची मुले २०१० मध्ये सुमारे ५४ टक्के होती आणि २०१२ मध्ये ती सुमारे ४७ टक्क्यांवर आली. हा आकडा लपवण्याचे कारण नाही. पण छडीबंदीवर त्याचा बोजा टाकण्याआधी दोन गोष्टींचे उत्तर द्यावे लागेल. कायदा येण्याआधी छडी भरपूर होती: महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात, ज्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते, शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले, आणि २००९ मध्ये तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातील आठ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत तीन चतुर्थांशाहून अधिक मुलांना आदल्या आठवड्याभरात शिक्षकांचा मार बसलेला होता. इतकी छडी चालत असतानाही पाचवीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता. दुसरे असे की, याच कायद्याच्या कलम १६ने तेव्हा आठवीपर्यंत नापास करणे बंद केले आणि कायद्यातल्या इतर तरतुदींनी मूल्यमापनाची सगळी पद्धतच बदलली. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदललेल्या असताना त्यातली छडी तेवढी वेचून काढणे योग्य नाही, विशेषतः ती कागदावरून गेली तितकी वर्गातून गेली नाही हे सर्वांना ठाऊक असताना. आणि हा विचार २००९ मध्ये अचानक उगवलेलाही नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच शारीरिक शिक्षा हद्दपार करण्याचे म्हटले होते.

परंपरेच्या दाव्याला फार जागा देण्याची गरज नाही. गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला व नंतर कोसबाडला अनुताई वाघांसह वारली मुलांसाठी काम उभारले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, असा त्यांचा मार्ग होता. हीही आपलीच परंपरा आहे.

राहतो तो शिक्षकांच्या हतबलतेचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. छडी काढून घेतली, पण तिच्या जागी काय वापरायचे याचे धड प्रशिक्षण दिले नाही; वर्गात चार पातळ्यांची मुले एकत्र बसवली; त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. ही तक्रार खरी आहे. परंतु पाचवीत बसून दुसरीचे वाचू न शकणाऱ्या मुलाची अडचण आळस ही नसते, तीन वर्षांपूर्वी सुटलेला धागा ही असते, आणि तो छडीने जुळत नाही. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेने बालसखीचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून त्यांच्या पातळीवरचे वाचन आणि अंकगणित शिकवत असे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे काटेकोर मूल्यमापन केले, तेव्हा गुणांत स्पष्ट वाढ आढळली, आणि ती मुख्यतः बालसखीकडे बसलेल्या मुलांचीच होती. या बालसखींचे सुरुवातीचे प्रशिक्षण अवघे दोन आठवड्यांचे होते. त्यांच्याकडे मुले थोडी होती, आणि मूल जिथे अडले होते तिथून सुरुवात करण्याची मोकळीक होती.

याच दोन गोष्टी आज नियमित शिक्षकांना मिळत नाहीत. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेले आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २१ने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. शिक्षकांची रिकामी पदे आणि पातळीनुसार शिकवायला लागणारा वेळ यांची मागणी पालकांना त्या समितीच्या बैठकीत लेखी नोंदवता येते.