माझी भीती वाया गेली

डायनासोर या विषयावर माझं मत कोणी विचारू नये, आणि विचारायचंच असेल तर भाची घरात नसताना विचारावं. ती असली की माझं वाक्य संपायच्या आत "नाही मामा" सुरू होतं. वय वर्षं सात. बुटाची नाडी बांधायला अजून माणूस लागतो, पण 'पॅकिसेफॅलोसॉरस' हे नाव ती जांभई देता देता बिनचूक घेते.

माझं या विषयातलं सगळं शिक्षण सिनेमागृहात झालं. १९९३ साली 'ज्युरासिक पार्क' आला तेव्हा मी नेमका त्या वयात होतो, ज्या वयात माणूस आपण घाबरलो नाही हे सिद्ध करायला सगळ्यात पुढे बसतो. गाडीतल्या ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळं उठली तेव्हाच माझे पाय खुर्चीवर आले होते. पुढे स्वयंपाकघरात रॅप्टर नावाचे शिकारी डायनासोर शिरले आणि उरलेला मीही खुर्चीवर गोळा झालो. रॅप्टर दाराची मूठ खाली दाबून दार उघडतो, हे पाहिल्यावर कितीतरी रात्री मी आमच्या दाराकडे बघत झोपायचो. आमच्या दाराला मूठ नव्हती, कडी होती, एवढाच काय तो आधार.

म्हणजे मी फुकट घाबरलेलो नाही. रीतसर, पूर्ण दामाने, मनापासून घाबरलेलो आहे. ही पार्श्वभूमी लक्षात घ्या, म्हणजे माझं दुःख कळेल.

"आता ती मोठी झाली आहे, दाखव तिला," असं ताईने सांगितलं, आणि मी मोठ्या हौसेने भाचीला घेऊन तोच सिनेमा लावून बसलो. शेजारी पांघरूण. ती किंचाळली तर तिचे डोळे झाकायला हात तयार. रॅप्टर आला. ती किंचाळली नाही. ती हसली.

"हा कोण?"

"व्हेलोसिरॅप्टर."

"एवढा?"

मग सिनेमा थांबवण्यात आला. खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियातला. कमरेपाशी उंची जेमतेम अर्धा मीटर, वजन पंधरा-वीस किलो. "माझ्याहून हलका," ती म्हणाली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की तू याला घाबरलास? शिवाय त्याला पिसं होती. २००७ साली त्याच्या हाताच्या हाडावर बारीक उंचवट्यांची रांग सापडली. पक्ष्यांमध्ये पिसं जिथे पक्की बसतात, तिथे असतात तसे. थोडक्यात, माझं बालपण एका टर्कीने नासवलं होतं.

सिनेमातला तो मोठा रॅप्टर खरं तर डायनॉनिकस नावाच्या अमेरिकेतल्या प्राण्यावर बेतलेला. एका अभ्यासकाने तेव्हा दोघांना एकाच नावाखाली घातलं होतं, हा सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला तिच्या लेखकाने ते उचललं, आणि सिनेमाने त्याच्याही अंगात आणखी हवा भरली. बरं, दुसरीकडे डायलोफोसॉरसची काय अवस्था केली पाहा. सहा-सात मीटर लांबीचं धूड. ते आटवून कुत्र्याएवढं केलं, गळ्याभोवती फडफडणारी झालर लावली आणि तोंडात विषाची पिचकारी दिली. झालरीचा पुरावा नाही. विषाचाही नाही. खरं डोक्यावर होतं ते दोन तुऱ्यांचं कौतुक, तेवढं मात्र ठेवलं. कोणाला फुगवायचं आणि कोणाला आटवायचं, यामागे काय धोरण असेल ते असो. कार्यालयात काम केलेल्या माणसाला त्याचं नवल वाटू नये.

"आणि मामा, त्याला दार उघडताच आलं नसतं."

इथे प्रात्यक्षिक झालं. थेरोपॉड, म्हणजे रॅप्टर आणि टी-रेक्ससारख्या दोन पायांवर चालणाऱ्या डायनासोरांचे तळवे एकमेकांसमोर असायचे, टाळी वाजवताना असतात तसे. मनगट फिरवून तळवा जमिनीकडे करणं त्यांना शक्य नव्हतं. सिनेमात मात्र सगळे पेटी वाजवायला बसल्यागत हात धरून हिंडतात. मला बेडरूमच्या दारासमोर उभं करण्यात आलं. कोपरं अंगाला चिकटलेली, तळवे समोरासमोर, मनगट हलवायचं नाही. आता उघड. मी दोन्ही तळव्यांत मूठ दाबली, ती घसरली. खांदा खाली नेला, गुडघे वाकवले, कपाळ दारावर टेकलं आणि अखेर अंगठा अडकवून मूठ खाली खेचली. दार उघडलं! मी विजयाने मागे वळलो.

"तुला अंगठा आहे," ती म्हणाली.

रॅप्टरच्या त्या अंगावर काटा आणणाऱ्या आवाजाबद्दलही मला एक गोष्ट माहीत आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी त्यात समागमात दंग असलेल्या कासवांचा आवाज वापरला होता. ही एकच माहिती अशी आहे, जी माझ्याकडे आहे आणि भाचीकडे नाही. आणि ती मी तिला सांगू शकत नाही. "कासवं काय करत होती?" या प्रश्नाला तोंड द्यायची माझी तयारी नाही.

टी-रेक्सच्या बाबतीत मला थोडी आशा होती. तो तरी मोठा होता. बारा मीटर लांब, हाडं चिरडणारा जबडा, याबद्दल तिचीही तक्रार नव्हती. पण 'हलू नका, हललं नाही की त्याला दिसत नाही' हा सल्ला मी आयुष्यभर पाळत आलो आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर, साहेबांसमोर, वर्गणी मागायला आलेल्यांसमोर मी निश्चल उभा राहतो. साहेबांच्या बाबतीत तो उपयोगीही पडलेला आहे.

"त्याचे डोळे पुढे होते मामा. दोन्ही डोळ्यांनी मिळून त्याला ससाण्यापेक्षा जास्त दिसायचं. आणि वासही यायचा."

"म्हणजे मी अजिबात न हलता उभा राहिलो तर?"

"खाईल."

"आणि पळालो तर?"

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू? खाईल."

नाही म्हणायला गाडीतल्या लोकांना दिलासा आहे. एवढ्या वजनाच्या प्राण्याला खरं धावणं पेलवलंच नसतं, हाडं मोडली असती, असं अभ्यास सांगतात. जीपमागे लागलेला टी-रेक्स फार तर झपाझप चालत राहिला असता आणि जीप दिसेनाशी झाली असती. ती डरकाळीसुद्धा हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर यांचं मिश्रण. मगरींवरून आणि काही पक्ष्यांवरून अंदाज बांधायचा, तर डायनासोर बहुधा तोंड मिटूनच खोल घुमणारा आवाज काढत असावेत. ग्लासातली वर्तुळं कशी काढली ते मीच नंतर वाचलं: गाडीच्या आत गिटारची तार ताणून खालून छेडली. माझे पाय खुर्चीवर नेले ते एका तारेने.

लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या ब्रॅकिओसॉरसशी ती बरीच मऊ वागली. तो पानं रवंथ केल्यासारखी चघळतो तेवढं तिला खटकलं. त्या दातांनी पाला ओरबाडायचा आणि गिळायचा, चावायची सोयच नव्हती. "त्याला कोणी 'नीट चावून खा' म्हणायचं नाही," ती म्हणाली. आवाजात पहिल्यांदाच हेवा होता.

सिनेमा संपता संपता नावावर गदा आली. टी-रेक्स, व्हेलोसिरॅप्टर, ट्रायसेराटॉप्स हे सगळे क्रिटेशियस, म्हणजे ज्युरासिकच्या नंतरच्या काळातले; ज्युरासिकशी त्यांचा संबंध नाही. ज्युरासिकमधला स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांच्यात सुमारे ८ कोटी वर्षांचं अंतर. टी-रेक्स आणि आपल्यात ६.६ कोटी. म्हणजे टी-रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा. लहानपणी मी या दोघांच्या शेकडो मारामाऱ्या लावल्या आहेत. त्या सगळ्या आता रद्दबातल.

त्या रात्री ती झोपल्यावर मी सूडबुद्धीने वाचायला बसलो. एक तरी गोष्ट खरी निघेल, सकाळी तिच्या तोंडावर मारता येईल. सिनेमात ज्याच्यातून डायनासोरचा डीएनए काढतात, ते अंबरमधल्या, म्हणजे झाडाच्या चिकाचा दगड झालेल्या खड्यातल्या डासाचं रक्त? सिनेमातलं अंबर डॉमिनिकन रिपब्लिकच्या खाणीतलं, आणि तिथलं अंबर जेमतेम दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचं. डासाला चावायला डायनासोर उरलेच नव्हते. डीएनए तर एवढा टिकतच नाही. आजवर मिळालेला सगळ्यात जुना ग्रीनलँडचा, साधारण २० लाख वर्षांपूर्वीचा. वाचत गेलो तशी भाचीचीच बाजू भक्कम होत गेली आणि मी फोन ठेवून दिला.

एक मात्र सांगतो, आणि हे मी तिलाही ठणकावून सांगितलं आहे. १९९३ साली पिसांचा पुरावा कुठे होता? पिसांचा ठसा असलेला सायनोसॉरॉप्टेरिक्स चीनमधून जगासमोर आला १९९६ मध्ये. त्याआधीच्या सिनेमाला दोष देऊ नये. उलट डायनासोर शेपूट हवेत तोलून आडवे चालत, चपळ होते, पक्ष्यांशी त्यांचं नातं आहे, हे लोकांच्या गळी उतरवलं ते त्याच सिनेमाने. नंतरचे भाग मात्र पिसं सापडूनही बहुतेक तेच गुळगुळीत रॅप्टर पळवत राहिले, आणि विचारलं की, डीएनएमधल्या रिकाम्या जागा बेडकाच्या डीएनएने भरल्या होत्या, असं त्याच्यावर ढकलून मोकळे. त्यांना माफी नाही.

आमच्या बाबांच्या डोक्यातला डायनासोर वेगळाच होता. १९३३ च्या 'किंग काँग'मधल्यासारखा ताठ उभा, शेपूट जमिनीवर फरफटत. १९६६ च्या एका सिनेमात तर त्यांनी गुहेतली माणसं डायनासोरांशी लढताना पाहिली होती आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "नाही बाबा, पायांचे ठसे सापडतात, फरफटलेल्या शेपटीचे सहसा सापडत नाहीत," असं मी त्यांना ऐकवलं होतं, त्याच स्वरात. बाबांनी पेपर वर धरला होता. फोन तेवढा वर धरता येत नाही.

परवा तिने खेळण्यांचा खोका जमिनीवर ओतला. दोन ढीग करायचे होते: डायनासोर आणि डायनासोर नसलेले. पंखवाला टेरानोडॉन बाहेर, तो उडणारा सरीसृप. मोसासॉरस बाहेर, तो पाल-सापांच्या नात्यातला. लांब मानेचा प्लेसिओसॉर, बाहेर. खिडकीत बसलेल्या कबुतराकडे बोट दाखवून तिने ते 'डायनासोर' या ढिगात मोजलं. ते उडून गेलं तरी मोजलेलं राहिलं. शेवटी पाठीवर मोठं शीड असलेला डायमेट्रोडॉन हाती आला. हा तरी? छे. डायनासोर जन्मायच्या सुमारे चार कोटी वर्षं आधीचा, आणि सरीसृपांपेक्षा सस्तन प्राण्यांच्या शाखेचा. तिने तो ढिगात न टाकता माझ्या हातात ठेवला.

"हा तुमच्याकडचा."

एक दात तुटलेला आहे आणि शीड वाकडं आहे. टेबलावर जागा अडवून बसतो, कागद सरकवायला गेलं की टोचतो. ताईने परवा आवरताना त्याला खोक्यात परत टाकायला घेतलं, तर मीच अडवलं. लांबचा का असेना, आपल्या घराण्यातला आहे. त्यातून १९९३ च्या त्या सिनेमात तो गेलेला नाही.